सॅम्पल किती वाजता घेतलं?

मामांचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा सगळ्यांची नजर एकाच ओळीवर खिळली: लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक विकर (एन्झाइम), 3,140. शेजारी छापलेली नॉर्मल मर्यादा 60. मामेभाऊ पुण्याला असतो. त्याला फोटो पाठवला, तर लगेच त्याचा फोन. "ताई, पन्नासपट? काही उरलंय का मग?"

मी बडोद्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्यामुळे घरात कुणाचंही रक्त तपासलं की शेवटचा शब्द माझा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. डॉक्टर काही बोलले तरी ते मला विचारून पक्कं करून घेतात. मी त्याला म्हटलं, "लायपेजने आजाराचं नाव कळतं, आजार किती मोठा ते कळत नाही." त्याला ते पटलं नाही. पन्नासपट हा शब्दच असा आहे की पुढचं काही ऐकू येत नाही.

पण आहे ते तसंच. पोटाचं ठरावीक दुखणं, लायपेज किंवा अमायलेज नॉर्मलच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी-सीटीत दिसणारी स्वादुपिंडाची सूज, या तिन्हींतल्या दोन गोष्टी जुळल्या की अ‍ॅक्यूट पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज, म्हणायचं. तिपटीच्या पुढे गेल्यावर मग दहापट काय नि पन्नासपट काय. हजाराच्या आतलं लायपेज असलेला माणूस व्हेंटिलेटरवर जातो आणि पाच हजारवाला आठवड्याच्या आत मुगाची खिचडी खाऊन घरी जातो, हे मी रिपोर्ट छापता छापता पाहिलेलं आहे. मला धास्ती बसली ती त्याच कागदावरच्या दुसऱ्या दोन ओळींनी, ज्यांच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. युरिया 58. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, 48.6.

मामा 61 वर्षांचे, बँकेतून निवृत्त, दांडिया बाजारात तिसऱ्या पिढीचं घर. दरवर्षी वाढदिवसाच्या आसपास मीच त्यांचं रक्त काढते, त्यामुळे त्यांचा नेहमीचा हिमॅटोक्रिट 42च्या आसपास असतो हे मला पाठ होतं. तो एका रात्रीत सहा-साडेसहाने वर जातो म्हणजे तांबड्या पेशी वाढल्या असं नाही, रक्तातलं पाणी कमी झालं. शरीरभर सूज उसळते, रक्तवाहिन्यांच्या भिंती गळायला लागतात, पातळ भाग बाहेर झिरपतो आणि मागे रक्त घट्ट उरतं. युरियाही त्याच कारणाने चढतो. आणि जिथे भिंती गळतात तिथे फुप्फुसंही अपवाद नसतात. हे मला ठाऊक होतं. मामींना मी त्या वेळी त्यातलं काही बोलले नाही.

आदल्या रात्री नात्यातल्या एका घरी जेवण होतं, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, भजी. घरी परतल्यावर बेंबीच्या वर दुखायला लागलं, ते थेट पाठीतून आरपार. आडवं पडलं की वाढायचं, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलं की थोडं सुसह्य व्हायचं. उलट्या थांबेनात. मामींनी ओवा आणि काळं मीठ दिलं, मग गॅसची गोळी, मग शेजारच्या मुलाला उठवून पहाटे एका खासगी रुग्णालयात नेलं. मी पोचले तोवर हाताला सलाईन लागलेलं होतं.

तिथल्या निवासी डॉक्टरने मामांना बाजूला घेऊन गुजरातीत हळूच एक प्रश्न विचारला. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारायचीही एक रीत आहे: बायको खोलीत नसताना, आवाज खाली आणून, "काका, क्यारेक क्यारेक?" म्हणजे कधीमधी घेता का. मामी दाराशीच होत्या. त्यांनी जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण त्या डॉक्टरचं काही चुकलं नव्हतं. या आजाराची दोन मोठी कारणं म्हणजे पित्ताचे खडे आणि दारू, आणि त्यांच्या मागोमाग रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेलेलं. तसला एक नमुना आमच्या लॅबमध्ये एकदा आला होता. सेंट्रिफ्यूजमधून काढला तर सीरम, म्हणजे रक्ताचा वर उरणारा पातळ भाग, दुधासारखं पांढरं. अशा नमुन्यात अमायलेज खोटंच कमी दिसू शकतं, म्हणून तो पातळ करून पुन्हा लावावा लागतो. मामांचं ट्रायग्लिसराइड 180 होतं. एसजीपीटी हे यकृताचं विकर मात्र 286. पहिल्या दोन दिवसांत एसजीपीटी दीडशेच्या वर असलं तर बोट पित्ताच्या खड्याकडे वळतं, आणि सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसलेच. स्वादुपिंड गॅसमुळे नीट दिसलं नाही. ते बहुतेक वेळा दिसत नाहीच.

मग आली सीआरपीची, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या आकड्याची ओळ. 11.

मामेभावाचा पुन्हा फोन. सीआरपी हा आकडा 2021 साली कोविडमुळे घरोघरी पाठ झाला होता, त्यामुळे त्याचा आवाज एकदम मोकळा. "ताई, सीआरपी फक्त 11! म्हणजे सौम्यच." मी विचारलं, "दुखायला किती वाजता लागलं होतं?" तो म्हणाला, त्याचा काय संबंध?

संबंध असा. सीआरपी हे प्रथिन यकृत बनवतं, आणि ते बनवायचा निरोप त्याला इंटरल्युकिन-6 या दुसऱ्या रेणूकडून मिळतो. निरोप मिळून आकडा हलायलाच पाच-सहा तास जातात. मग तो साधारण दर आठ तासांनी दुप्पट होत चढतो आणि दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठतो. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये हे प्रथिन पहिल्यांदा सापडलं तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात, म्हणजे फुप्फुसाशी त्याचं नातं जुनं आहे. पण स्वादुपिंडाच्या सुजेत ज्या सीमारेषेवर सगळ्यांचा भर आहे, लिटरमागे 150 मिलिग्रॅम, ती 48व्या तासाची आहे. सहाव्या-सातव्या तासाच्या 11 वर आनंद मानणं म्हणजे पेरणी झाली त्याच संध्याकाळी पीक मोजायला जाणं.

आणि हे 48 तास कुठून मोजायचे? केसपेपरवर दाखल झाल्याची वेळ असते. शरीराचं घड्याळ सुरू होतं दुखणं लागलं तेव्हा. मामी म्हणाल्या, "साडेदहाच्या बातम्या लागल्या होत्या ना, तेव्हाच हे उठून बाथरूमला गेले." मी ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावलं. पहिलं सॅम्पल पावणेसहाचं, म्हणजे सव्वासात तासांचं. एखादा माणूस दुखणं अंगावर काढून दुसऱ्या दिवशी दाखल होतो, त्याचं पहिलंच सीआरपी 140 येतं आणि तो मामांपेक्षा जास्त आजारी वाटतो. तसं असेलच असं नाही.

आमच्या फॉर्मवर "सॅम्पल घेतल्याची वेळ" असा एक रकाना असतो. दहातल्या आठ फॉर्मवर तो कोरा येतो. कुणी भरलाच तर सॅम्पल लॅबला पोचल्याची वेळ भरतात.

आता युनिट. हा तर माझा जुना कज्जा आहे. एक लॅब सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये छापते, दुसरी डेसिलिटरमागे. 150 आणि 15 हे एकच. कोणी पंधरा बघून सुटकेचा श्वास टाकतो तेव्हा मी आधी त्या आकड्याच्या उजवीकडे बघते. युरियाचंही तसंच. परदेशी पुस्तकांतले सगळे स्कोअर बीयूएन म्हणजे युरियातल्या नायट्रोजनवर बांधलेले आहेत, आणि आपल्याकडे छापला जातो सबंध युरिया. त्याला 2.14 ने भागायचं. मामांचा 58 भागिले 2.14, म्हणजे 27.

त्या निवासी डॉक्टरने तो भागाकार तोंडी केला तेव्हा मुलगा मला आवडला. तो बायसॅप नावाचा स्कोअर मांडत होता, 2008 सालचा, एकूण पाच गुण. बीयूएन 25च्या वर, एक गुण. वय साठच्या वर, एक. शरीरभर उसळलेल्या सुजेची लक्षणं, म्हणजे नाडी 112, श्वास मिनिटाला 24, पांढऱ्या पेशी 15,800, यांचा मिळून एक. शुद्ध हरपलेली नाही, शून्य. एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी नाही, शून्य. तीन. तीन किंवा त्याहून जास्त असले की जपायचं. त्याच्या आधीचा जुना स्कोअर 1974 सालचा, न्यूयॉर्कच्या रॅन्सन यांचा, त्यात अकरा निकष आणि त्यातले सहा 48 तासांनीच कळतात. तोवर रोगी कुठच्या कुठे गेलेला असतो. बायसॅप पहिल्याच दिवशी मांडता येतो, हा त्याचा मोठा गुण.

मामांना आयसीयूच्या शेजारच्या विभागात हलवलं. एक नळी लघवीची, एक नाकाशी ऑक्सिजनची, आणि आरएल या सलाईनच्या बाटल्या. बाटल्यांवरून घरात वाद झाला. मामींचे भाऊ रावपुऱ्याहून आले होते, त्यांच्या एका मित्राला दहा वर्षांपूर्वी हेच झालं होतं आणि त्याला म्हणे पहिल्याच दिवशी "धो धो" सलाईन लावलं होतं. "इथे एवढं हळू काय चालवलंय?" असं ते सिस्टरला दोनदा म्हणून आले. पूर्वी खरंच तशी पद्धत होती. 2022 साली वॉटरफॉल नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, भारतातलीही केंद्रं त्यात होती, 249 रुग्ण. निम्म्यांना भरपूर सलाईन, निम्म्यांना बेताचं. भरपूरवाल्यांत शरीरात जादा पाणी साचण्याचं प्रमाण 20.5 टक्के निघालं, बेताच्यांत 6.3. फायदा काही दिसला नाही, उलट हा धोका, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. आणि जादा पाणी फुप्फुसातही साचतं. मी हे मामांच्या मेहुण्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हा लोकांचं काय, दर पाच वर्षांनी उलटं सांगता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं आहे.

स्वादुपिंड पोटात आणि धाप छातीत, हे मामींना काही केल्या जुळत नव्हतं. मी कागदावर काढून दाखवलं. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त यकृतात जातं, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला, आणि हृदय ते ढकलतं थेट फुप्फुसात. म्हणजे पोटात जे काही उसळलंय, ते यकृत ओलांडल्यावर पहिल्यांदा ज्या बारीक जाळीतून गाळलं जातं ती फुप्फुसाची. पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, भडकतात, भिंती सैल करतात. शिवाय स्वादुपिंडाचं एक विकर आहे, फॉस्फोलायपेज ए-2. फुप्फुसातले फुगे मिटू नयेत म्हणून आत जो स्निग्ध थर असतो, तोच ते कापतं. थर गेला की फुगे मिटायला लागतात, आत पाणी येतं, आणि बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी रक्तात कमीच उतरतो. वर पोट फुगून पडदा वर ढकलला गेलेला, आणि दुखतं म्हणून माणूस खोल श्वासच घेत नाही. मामी सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे श्रीखंड नाही ना कारण?" श्रीखंड कारण नव्हतं. पित्ताशयातला खडा होता. तुपातलं-तळणीतलं खाल्ल्यावर पित्ताशय आवळतं, हे मात्र मी त्या क्षणी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशीचे रिपोर्ट आले ते एकमेकांशी भांडत होते. युरिया 58 वरून 41, म्हणजे मूत्रपिंडांना पाणी पोचलं. चोवीस तासांत युरिया उतरणं हे चांगलं लक्षण, चढणं वाईट. सीआरपी 126. हिमॅटोक्रिट 39, पण ते पूर्ण खरं मानायचं नाही, कारण सलाईनने रक्त पातळ होतंच. मी आधी विचारलं, कोणत्या हातातून काढलं? सलाईन लागलेल्या हातातून, तेही सुईच्या वरच्या बाजूने काढलं तर आपण निम्मं आरएलच तपासत असतो. दुसऱ्या हातातून काढलं होतं. बरं.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन 4.1 वरून 2.7. कॅल्शियम 7.5. कॅल्शियम या आजारात खरंच घसरतं, चरबीचे कण विरघळून त्यांना कॅल्शियम चिकटतं आणि पोटात अक्षरशः साबण तयार होतो. पण रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम अल्ब्युमिनला धरून फिरत असतं, अल्ब्युमिन उतरलं की तेही उतरतं. 4 मधून 2.7 वजा, राहिले 1.3, गुणिले 0.8, ते मिळवले की 8.5. म्हणजे घसरण दिसते तेवढी नव्हती. मला बोचलं ते अल्ब्युमिन. ते गेलं कुठे? त्याच गळक्या भिंतींतून बाहेर.

आणि एलडीएच 690, पोटॅशियम 5.9. हे दोन आकडे शेजारी शेजारी बघितले, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन नॉर्मल बघितलं, आणि मी सिस्टरला म्हटलं, हे सॅम्पल परत घ्या. एलडीएच, पेशींच्या आतलं एक विकर, हा या आजारातला जुना निकष आहे, पेशी मेल्या की तो वाढतो. पण सुई बारीक असली, सिरिंज जोरात ओढली, ट्यूबमध्ये दाबून रक्त सोडलं, की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलंच एलडीएच नि पोटॅशियम सीरममध्ये येतं. मशीनला हे कळतं, सीरमचा रंग गुलाबी असतो, पण रिपोर्टखालची ती बारीक ओळ कोण वाचतं? पुन्हा घेतलेल्या सॅम्पलमध्ये एलडीएच 410, पोटॅशियम 4.3. तरी जास्तच, पण 690 नव्हे.

त्या दिवशी मामेभावाने हट्टच धरला: आयएल-6 (तेच इंटरल्युकिन-6) करा, रक्ताच्या गुठळ्यांसाठी डी-डायमर करा, संसर्गासाठी प्रोकॅल्सिटोनिन करा. 2021च्या दुसऱ्या लाटेत आम्ही या तपासण्या रात्रंदिवस लावल्या होत्या, त्याची आठवण त्यालाही होती. तर्क म्हणून त्याचं बरोबरच होतं. आयएल-6 सीआरपीच्या आधी चढतं, कारण तेच तर यकृताला निरोप देतं. फुप्फुसाचा धोका पहिल्या चोवीस तासांत ओळखायचा तर ते जास्त उपयोगाचं. पण आता आमच्याकडे किंवा त्या रुग्णालयात ते रोज लागत नाही. सॅम्पल गोठवून बाहेरच्या मोठ्या लॅबला जातं आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतो. शरीरात आधी चढणारा आकडा कागदावर सर्वांत शेवटी पोचणार असेल तर त्याचं "आधी" कुणाच्या कामाचं? तरी पाठवलं, घरच्यांच्या समाधानासाठी. संशोधनात यापुढच्या गोष्टी आहेत, अँजिओपोइटिन-2 सारख्या, जो रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुटतो आणि भिंती गळताहेत हे जवळजवळ थेट सांगतो. ते किट संशोधनाच्या प्रयोगशाळांत असतं. वॉर्डातल्या पेशंटसाठी नाही.

फुकटात मिळणारा एक आकडा मात्र हाताशी होता. साध्या सीबीसीत पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल 88 टक्के आणि लिम्फोसाइट 6. भागाकार केला की जवळपास पंधरा. निरोगी माणसात हा दोन-तीनच्या आसपास असतो. मी तो पेनने कोपऱ्यात लिहून ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी मी कामावरून थेट तिथे गेले. सुरसागरपाशी ट्रॅफिक तुंबलेला, आठ वाजून गेलेले. मॉनिटरवर ऑक्सिजन 91, नाकात दोन लिटर चालू असताना. सकाळी 95 होतं. मामा बोलत होते, पण एका वाक्यात दोनदा थांबून. मी घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजले. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा मला पटत नाही, हात हलला तरी तो बदलतो. पूर्ण मिनिट मोजले. तीस. सिस्टरने चार लिटर केलं आणि डॉक्टरला बोलावलं.

एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, झालं. हे रक्त शिरेतलं नसतं, मनगटाच्या धमनीतलं असतं, आणि दुखतं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर त्यातला ऑक्सिजन रक्तात मिसळून आकडा फिरतो, आणि सिरिंज टेबलावर पडून राहिली तर पेशी त्यातला ऑक्सिजन वापरत राहतात. इथे यंत्र आयसीयूतच होतं, दोन मिनिटांत कागद बाहेर. पीएओ-2, म्हणजे त्या रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, 66. नुसतं 66 निरर्थक आहे, कुठल्या ऑक्सिजनवर ते सांगायला हवं. नाकातून चार लिटर म्हणजे श्वासात साधारण 30 टक्के ऑक्सिजन धरतात. 66 भागिले 0.30, म्हणजे 220.

हा पी-एफ गुणांक. चारशेच्या वर नॉर्मल. या आजाराच्या 2012 सालच्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात 300 किंवा खाली आला की श्वसनसंस्था निकामी व्हायला लागली असं धरतात. एक्स-रेत डावीकडे खाली फुप्फुसाभोवती पाणी, दोन्ही तळांशी धुरकटपणा. सीआरपीचा 48व्या तासाचा आकडा तेव्हा अजून घेतलेलाच नव्हता, तो दाखल झाल्याच्या हिशेबाने पुढच्या सकाळी ठरला होता.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं काही असेल तर ते हेच. सकाळी सीआरपी आलं 264. अगदी पुस्तकाप्रमाणे, दीडशेच्या कितीतरी वर. संध्याकाळी आयएल-6 आलं 212, तेही पुस्तकाप्रमाणे. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही येईपर्यंत मामा हाय-फ्लोवर होते, नाकातून जोराने गरम ओलसर ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रावर. त्यांना आधीच आयसीयूच्या दाराशी आणून ठेवलं होतं ते पहिल्या दिवशीच्या युरियाने, हिमॅटोक्रिटने आणि बायसॅपच्या तीन गुणांनी. आत नेलं ते श्वासांच्या मोजणीने. उशिरा आलेल्या आकड्यांनी पुढचा हिशेब दिला: सूज किती खोल आहे, किती दिवस लक्ष ठेवावं लागेल. माझ्या धंद्याच्या माणसाने असं म्हणू नये कदाचित, पण त्या रात्री सगळ्यात उपयोगी तपासणीला ट्यूब लागली नव्हती.

प्रोकॅल्सिटोनिनचा मात्र खरोखर उपयोग झाला. ताप 101 चढला तेव्हा घरच्यांनी आणि एका परिचित डॉक्टरनेही "भारी अँटिबायोटिक" सुरू करायचा आग्रह धरला. प्रोकॅल्सिटोनिन 0.4 आलं. जंतूंचा संसर्ग झाला की ते वेगाने वर जातं, नुसत्या सुजेत सहसा तेवढं जात नाही. आयसीयूच्या डॉक्टरबाईंनी अँटिबायोटिक दिलं नाही. पहिल्या आठवड्यातला ताप बहुतेक वेळा सुजेचाच असतो, आणि आधीपासून दिलेली औषधं पुढे खरा संसर्ग झाला तर आड येतात, असं त्यांनी मामींना शुद्ध मराठीत सांगितलं. त्या मूळच्या कोल्हापूरच्या निघाल्या. मामींचा अर्धा ताण तिथेच उतरला.

हाय-फ्लोवर पहिली रात्र वाईट गेली. मामांना नाकातला तो झोत सहन होईना, सारखे काढायचे. त्यांना अर्धवट बसवून, वेदनाशामक व्यवस्थित चालू ठेवून, ताई-दादा करून ते नाकात ठेवावं लागलं. वेदना कमी झाली की श्वास खोल जातो, हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी गुणांक 262, मग 318. 48 तासांच्या आत तो तीनशेच्या वर आला, आणि त्यामुळे मामांच्या आजाराचं नाव "तीव्र" ऐवजी "मध्यम तीव्र" असं लिहिलं गेलं. पुन्हा तेच 48 तास. त्यापुढे अवयव निकामीच राहिला असता तर सगळंच गणित बदललं असतं.

पोटाचं सीटी पाचव्या दिवशी केलं. मामेभाऊ पहिल्याच दिवशी का नाही म्हणून विचारत होता. पहिल्या दिवशी स्वादुपिंडाचा कुठला भाग मेला हे नीट दिसतच नाही, तीन-चार दिवस जावे लागतात. निघालं ते बरं निघालं: सूज, भोवती थोडं पाणी, मेलेला भाग नाही. तोवर नाकातल्या बारीक नळीतून अन्न सुरू झालं होतं. मग वरणाचं पाणी, मग मऊ भात. सीआरपी उतरत गेलं. सूज थांबली की ते साधारण एकोणीस तासांत निम्मं व्हायला हवं, पण सूज एकदम थांबत नसते, म्हणून उतरण जरा रेंगाळलेली दिसली. एक दिवस ते किंचित वर गेलं, तेव्हा घरात पुन्हा गोंधळ. कोपरात सलाईनच्या जागी शीर सुजली होती, त्याचंही सीआरपी वाढतं. सुई बदलली, उतरलं.

पित्ताशय काढायचं अजून बाकी आहे. आजार सौम्य असता तर त्याच मुक्कामात काढलं असतं. भोवती पाणी साचलेलं असल्यामुळे ते जिरेपर्यंत थांबायचं ठरलं. मधल्या काळात पुन्हा खडा सरकू शकतो, म्हणून मामांचा आहार मामींनी लष्करी शिस्तीत घेतलाय. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या माझ्याच लॅबमध्ये केल्या. सीआरपी 3, अल्ब्युमिन 4, हिमॅटोक्रिट 41. भूलतज्ज्ञांनी एक्स-रे आणि साध्या हवेवरचं एबीजीही मागितलं आहे, फुप्फुसं आधी होती तशी झाली का ते बघायला. मनगटात पुन्हा सुई म्हटल्यावर मामांनी मला विचारलं, "तू नाही का काढू शकत?" धमनीतलं डॉक्टरच काढतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही.